इंदूरचा खड्डा

मंडळी, फाल्गुन-चैत्रात भेंडी, गवार, काकडी लावायची तर वाफ्याची तयारी मार्गशीर्षातच सुरू व्हायला हवी. नुसती माती खणून, ढेकळे फोडून भागत नाही. तिच्या पोटात चांगले मुरलेले खत जावे लागते. आणि घोडे पेंड खाते ते इथेच. शंभर वर्षांपूर्वी माळव्यात हाच पेच होता. बरेचसे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाई. सरपण नाही, तर घरच्या बाईने तरी काय करावे? उरलेले शेण उकिरड्यावर पडे, उन्हाने वाळे, पावसाने धुऊन जाई.

होळकरांच्या इंदूर संस्थानाने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर तेव्हा एक संशोधन संस्था उभी राहिली. पैसा मुख्यतः मध्यवर्ती कापूस समितीचा. संशोधन व्हायचे ते कापसावर. प्रमुख म्हणून १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड आले. हे गृहस्थ १९०५ पासून बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पण नुसते वाण सुधारून काय होणार? जमीनच उपाशी, तर बियाण्याने करावे काय! चीनमधील शेतकरी गावातला सगळा केरकचरा कुजवून शेताला देतात, हे हॉवर्डनी वाचले होते. तेव्हा शेण थोडे आणि काडीकचरा पुष्कळ, अशा हिशेबाने खत करायचे ठरले.

आता काडीकचरा म्हणजे काय, तर पऱ्हाट्या आणि तुरीच्या काड्या. त्या लवकर कुजतात थोड्याच? मग त्या शेतावरच्या रस्त्यावर पसरून ठेवायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप चुरा होई. यंत्र नको की मजुरी नको. मला तर साऱ्या पद्धतीत ही युक्ती फार आवडते. तो चुरा, पालापाचोळा गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवायची. मूत मुरलेली ती माती म्हणजे खरे धन, बरं का! आपण फरशी घालतो आणि ते धन गटारात सोडतो.

मग ३० फूट लांब, १४ फूट रुंद व दोन-तीन फूट खोल खड्ड्यात काडीकचरा, शेणकाला, गोठ्यातली माती आणि चुलीतली राख यांचे थर द्यायचे आणि पाणी शिंपायचे. चांगला जमलेला खड्डा आतून इतका तापतो, की हात घालवत नाही. दोन आठवड्यांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे तीनदा ते उलथायचे, म्हणजे हवा खेळते. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार होते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग रचायचा.

१९३१ साली या कामाचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यावर नावे दोन: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. संस्थेतील रसायनाचे काम वाडांकडे होते. पुढे जगाच्या तोंडी हॉवर्ड राहिले आणि वाड पुस्तकावरच राहिले. आमच्या शिक्षक मंडळींनी हा पाठ शिकवताना दोन्ही नावे फळ्यावर लिहावीत.

१९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला गेले, तेव्हा त्यांनीही हे काम पाहिले. तोवर केनियातील कॉफीच्या आणि हिंदुस्थान-सिलोनमधील चहाच्या मळ्यांकडे ही रीत पोचू लागली होती. तिकडेही तिचे नाव 'इंदूर पद्धत' असेच राहिले.