वाळू काळी नसते

गेल्या पावसाळ्याआधी आईची जुनी ट्रंक उपसताना माझी पाचवीची दैनंदिनी सापडली. साल १९८६-८७. रोज पाच ओळी लिहायच्या आणि शनिवारी वही बाईंच्या टेबलावर ठेवायची, असा आमच्या वर्गाचा नियम होता. लिखाण माझं पेन्सिलीचं, आणि जवळपास तेवढंच बाईंचं लाल शाईचं.

आपल्या मंडळात मोडी कागद येतात, ताम्रपट येतात. त्यांच्या रांगेत ही वही मांडताना थोडं हसू येतं. तरी मांडतो, कारण वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. बाईंनी जे जे खोडलं, तेच आज कामाचं निघालं.

पहिलंच उदाहरण घ्या. मी लिहिलंय : ‘अप्पांनी शर्ट झटकला. काळी वाळू पडली. आई ओरडली.’ बाईंनी ‘काळी’ शब्दाभोवती गोल करून समासात लिहिलंय, ‘वाळू काळी नसते. निरीक्षण करावे.’

आता बाई राहायच्या शहरात. आम्ही राहायचो उद्यमबागेला लागून, खानापूर रोडला तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडे. अप्पा फौंड्रीत मोल्डर. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती, दगडी कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळतात. वितळलेलं लोखंड ओतलं की ती भुकटी जळते, तिच्या वायूमुळे वाळू लोखंडाला चिकटत नाही आणि कास्टिंग गुळगुळीत निघतं. तीच वाळू परत परत वापरून काळीभोर होते. उद्यमबागेतल्या कुठल्याही पोराने निरीक्षण करून हेच लिहिलं असतं. मी मात्र पुढच्या आठवड्यात मुकाट्याने ‘पांढरी वाळू पडली’ असं लिहिलंय, आणि त्याला ‘छान’ मिळालंय!

दुसरं पान : ‘गेट पडले म्हणून शाळेला उशीर झाला.’ लाल शाई : ‘कोणाला लागले का? गेट बंद होते, पडत नाही.’ बेळगावात तिन्ही रेल्वे गेटं तेव्हा रोज पडायची आणि कुणालाही लागत नसे. मिरज-लोंढा मार्ग मीटरगेज होता, ब्रॉडगेज पुढच्या दशकात आली. गाडी जाईपर्यंत सायकली, बैलगाड्या आणि पाळीवरचे कामगार एकमेकांना खेटून उभे. त्या गर्दीची ओळखच ‘गेट पडलं’ या दोन शब्दांत होती.

तिसरा गुन्हा भाषेचा. ‘मी खेळूलालो खरं अप्पांनी हाक मारली.’ बाईंनी अख्खं वाक्य आडवं कापून वर शुद्ध केलं : ‘मी खेळत होतो, पण बाबांनी हाक मारली.’ आपल्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे पुण्याच्या पाहुण्याला आजही समजावून सांगावं लागतं. आणि ‘करूलालास’, ‘जाऊलालो’ ऐकून तो हसतो ते वेगळंच. राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला आलेल्या पु. ल. देशपांडेंना मात्र या बोलीची गोडी लागली. ‘गणगोत’मधल्या त्यांच्या रावसाहेबांमुळे बेळगावी मराठी महाराष्ट्रभर पोहोचली. पुस्तकात ती कौतुकाची झाली, वहीत मात्र अशुद्धच राहिली.

बाईंवर माझा राग नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून इथे मराठी शिकवणं हे नुसतं नोकरीचं काम उरलं नव्हतं. आमची मराठी पुण्या-मुंबईच्या तोडीची दिसली पाहिजे, नाहीतर ‘ही कसली मराठी?’ असं कुणीतरी विचारील, ही धास्ती त्या लाल शाईत होती, असं आता वाटतं. मराठी टिकवायच्या काळजीपोटीच आमची मराठी खोडली गेली.

वहीत एकच पान असं आहे, की ज्यावर लाल खूण नाही. जून १९८६ मधलं. कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनाचे ते दिवस. गोळीबार झाला, नऊ जण हुतात्मा झाले. हिंडलग्याच्या स्मारकाजवळ दरवर्षी १ जूनला आपण जमतो, ते त्यांच्यासाठी. आणि माझी दैनंदिनी काय म्हणते? ‘आज शाळा नव्हती. आईने थालीपीठ केले. विशेष काही घडले नाही.’

पहिल्यांदा वाचून मी मोठ्याने हसलो. फ्रान्सच्या सोळाव्या लुईने १४ जुलै १७८९ ला, बास्तीय पडलं त्या दिवशी, आपल्या डायरीत ‘काही नाही’ एवढंच लिहिलं होतं. त्या दिवशी शिकार झाली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. म्हटलं, चला, आपण राजाच्या पंगतीला बसलो!

मग पान खिडकीशी तिरकं धरलं. ओळींखाली खोडरबराने घासलेली जुनी अक्षरं उमटलेली दिसली : ‘अप्पा अजून आले नाहीत. आई दारात उभी आहे.’

तेव्हा आठवलं. अप्पा त्या रात्री उशिरा, लांबच्या वाटेने चालत आले. हातपाय धुतले, माझी वही बघितली आणि म्हणाले, ‘असलं लिहायचं नाही बाळा. वही शाळेत जाते.’ रबर त्यांनीच आणून दिला. थालीपीठ नंतर लिहिलं. ते तरी खरंच केलं होतं का, हे आईला विचारलं. ती म्हणाली, ‘त्या दिवशी चूल कोण पेटवतंय?’

म्हणजे बाईंनी तपासून बरोबर ठरवलेलं ते एकमेव पान वहीतलं सगळ्यात खोटं पान आहे.

इतिहासाच्या कामात आपण स्वच्छ, सुवाच्य कागदाला मान देतो. मला आता खाडाखोडीचा कागद जास्त विश्वासाचा वाटतो. उद्यमबाग, टिळकवाडी, खानापूर, निपाणी, कुठल्याही घरात माळ्यावर अशा वह्या पडून असतील. रद्दीवाल्याला देण्याआधी मंडळात घेऊन या. लाल शाईसकट छायाचित्र काढू, इयत्ता आणि साल नोंदवू, पेन्सिलीचं पान उजेडात तिरकं धरून बघू.

शुद्धलेखन तपासणार नाही, एवढा शब्द देतो.