प्लेगच्या साथीतील एक दान

आजच्या विद्यार्थ्यांना प्लेग केवळ पुस्तकातून ठाऊक आहे. १८९६ साली ही साथ मुंबईत उद्भवली व गावोगाव पसरली; १८९९ मध्ये आपल्या नाशिकजवळच्या भगूर गावानेही तिचा घाला सोसला.

त्या काळी वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करीत होते. शेजारचे जे. जे. रुग्णालय सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीने १८४५ मध्ये सुरू झालेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. तरीही लोकांची भीती जाईना.

इस्माइली खोजा समाजाचे इमाम आगाखान तिसरे तेव्हा ऐन विशीत होते. त्यांनी समाजबांधवांसमक्ष स्वतः लस घेतली. मग हजारो खोजांनी ती घेतली. एवढ्यावर न थांबता माझगाव येथील आपली खुश्रू लॉज ही इमारत त्यांनी प्रयोगशाळेस दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला गेली. १९२५ पासून तीच संस्था हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते.

पालकहो, रुग्णसेवेसाठी द्रव्य देणे हे पुण्यकर्म होयच. परंतु औषध दारी येऊनही लोक ते नाकारतात, तेव्हा कोणीतरी आपला दंड पुढे करावा लागतो. विद्यार्थ्यांनो, हे दान खिसा रिकामा असतानाही देता येते. घरच्या वडीलधाऱ्यांची भीती घालवा. तोही सदकाच आहे.