नोकरीनंतर डॉक्टर : वयाची अट गेली, जीवशास्त्राची राहिली

जुन्नर तालुक्याच्या पूर्वेस, कल्याण–अहिल्यानगर मार्गावरील घाटाच्या माथ्यावर आणे पठार आहे. पर्जन्यछायेतील या कोरडवाहू भागातून पुण्या-मुंबईत येऊन नोकरीत स्थिरावलेल्या एखाद्यास पस्तिशीत डॉक्टर व्हावेसे वाटले, तर वय आता आड येत नाही. ‘नीट’ या प्रवेश परीक्षेसाठी २०१७ मध्ये खुल्या प्रवर्गास २५ आणि राखीव प्रवर्गास ३० वर्षांची कमाल मर्यादा घालण्यात आली होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या ऑक्टोबर २०२१ मधील निर्णयाने ती रद्द झाली.

नोकरीकडून वैद्यकाकडे वळण्याची वाट मुंबईत जुनीच आहे. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेले भाऊ दाजी लाड एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक होते. १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू होताच ते तेथे विद्यार्थी झाले आणि १८५१ मध्ये पहिल्या तुकडीतून बाहेर पडले. अर्थात, तेव्हा ते विशीतच होते.

आजची खरी अडचण बारावीच्या गुणपत्रिकेत असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) हे विषय आवश्यक आहेत. अभियांत्रिकीकडे गेलेल्या अनेकांनी जीवशास्त्र घेतलेलेच नसते. मान्यताप्राप्त मंडळाकडून बारावीनंतर हा विषय अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण करण्यास आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. हा विषय टाळून चालणारही नाही: ‘नीट’च्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच असल्याने तयारी नोकरी सांभाळून करता येते. पहाटेचे दोन तास रोज मिळाले, तरी जीवशास्त्र आवाक्यात येते. भौतिकशास्त्राची गणिते मात्र वर्षानुवर्षे हात न लागल्याने अधिक वेळ मागतात.

प्रवेशानंतर नोकरी शक्य नाही. उपस्थितीचे नियम कडक आहेत. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्णवेळच करावी लागते. तयारीची दोन वर्षे धरल्यास पस्तिशीत सुरुवात करणारा बेचाळिशी ओलांडून डॉक्टर होतो. शासकीय महाविद्यालयात शिकल्यास त्यापुढे एक वर्षाच्या शासकीय सेवेचे बंधपत्र असते आणि ती नेमणूक ग्रामीण आरोग्य केंद्रातही मिळू शकते.