हलता भाग नसलेला फ्रिज

मेकॅनिकलच्या रेफ्रिजरेशनच्या पुस्तकात ‘इलेक्ट्रोलक्स रेफ्रिजरेटर’ नावाची एक आकृती असते. परीक्षेपुरती ती पाठ करायची आणि विसरायची, अशी रीतच आहे. मीही तेच करून सॉफ्टवेअरमध्ये आलो. आकृती पुन्हा भेटली ती अमेरिकेतल्या एका मित्राच्या कॅम्पर व्हॅनमध्ये. बाहेरच्या जाळीच्या झडपेआड तेच सगळे पाइप, आणि खाली प्रोपेनची छोटीशी ज्योत. मित्र दरवर्षी सहलींचा मोसम सुरू होण्याआधी ती झडप काढून आतली साफसफाई करतो. ज्या फ्रिजमध्ये हलणारा एकही भाग नाही, त्याला इतकं काय जपायचं? याचं उत्तर त्याच्या इतिहासात आहे.

उष्णतेने गारवा तयार करायची कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या फर्दिनां कारेने १८५९ च्या सुमारास अमोनिया आणि पाणी वापरून बर्फ करणारं यंत्र बनवलं. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी त्यात हायड्रोजन आणला आणि पंपाची गरजच संपवली. ज्योतीने द्रावण उकळतं आणि बुडबुडे ते वर ढकलतात. अमोनियाची वाफ वेगळी होते, थंड होऊन द्रव बनते. हा द्रव हायड्रोजन भरलेल्या भागात शिरला की तिथला अमोनियाचा स्वतःचा दाब कमी असल्यामुळे त्याची पुन्हा वाफ होते आणि आतली उष्णता शोषली जाते. मग पाणी त्या वाफेला परत सामावून घेतं. परतीचा सगळा प्रवास गुरुत्वाकर्षणावर. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने हे तंत्र विकत घेतलं.

हलता भाग नसणं तेव्हा जिवाचा प्रश्न होता. कॉम्प्रेसरच्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत आणि ते सीलमधून गळत. बर्लिनमधलं एक कुटुंब अशा गळतीने दगावल्याची बातमी वाचून आईनस्टाईन हळहळले, असं सांगतात. त्यांनी आणि लिओ झिलार्ड यांनी मिळून सील नसलेल्या फ्रिजवर काम केलं. नोव्हेंबर १९३० मध्ये त्यांना अमेरिकन पेटंटही मिळालं. त्यांचा फ्रिज बाजारात कधी आला नाही.

स्वीडिश फ्रिज मात्र अमेरिकेत ‘सर्व्हेल’ या नावाने घरोघरी पोहोचला. वीज नसलेल्या शेतघरांत, डोंगरातल्या केबिनमध्ये तो दशकानुदशकं चालत राहिला आणि धोका तिथेच लपला. बर्नर काजळला की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. १९३३ ते १९५७ मध्ये बनलेले हे फ्रिज वापरू नका, असं अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला पुढे जाहीर करावं लागलं, कारण माणसं मेली होती. सीलमधून होणारी गळती टाळणाऱ्या यंत्राने दुसरा विषारी वायू घरात सोडला होता.

म्हणून ती वार्षिक सफाई. आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून फ्रिज पूर्ण थंड होऊ द्यायचा. बर्नर झाकून वरच्या धुराड्यातली पिळाची पट्टी काढायची आणि ब्रशने काजळी, गंज खाली पाडायचा. मग बर्नर काढून त्याच्या नळीतली कोळ्याची जाळी झटकायची. जेट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून वाळवायचा. त्यात सुई खुपसायची नाही, कारण भोक किंचित मोठं झालं तरी गॅस जास्त आणि हवा कमी पडते. सगळं जोडल्यावर सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचं, मगच पेटवायचं. ज्योत स्थिर आणि निळी हवी. पिवळी दिसली तर फ्रिज बंद.

व्हॅन सपाट जागी उभी करणंही देखभालच. ती तिरपी असली की द्रव परत येत नाही, उकळणारा भाग जास्त तापतो आणि गंज रोखायला घातलेलं सोडियम क्रोमेट बिघडून पाइप तुंबू शकतो. मागे पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा वास आला, तर फ्रिज बंद करायचा, दारं-खिडक्या उघडून बाहेर पडायचं आणि जाणकाराला बोलवायचं.

कॅम्पर व्हॅन भाड्याने घेणार असाल, तर ही सफाई शेवटची कधी झाली ते विचारा. झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का पाहा आणि त्याचं बटण दाबून तो वाजतोय ना, तेही बघा.