श्वानमुद्रेचे ऋण

कर्ण्यापुढे बसून एकाग्रतेने ऐकणाऱ्या कुत्र्याचे चित्र ज्याने पाहिले नाही, असा मराठी माणूस आमच्या मागील पिढीत विरळाच. 'हिज मास्टर्स व्हॉइस' हे लांबलचक नाव उच्चारण्याचा खटाटोप आमच्या आजोबांनी कधी केला नाही. ते सरळ 'कुत्रा छाप' म्हणत आणि चावीच्या ग्रामोफोनवर तबकडी चढवीत. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस त्याच चित्राची आठवण झाली. घरापासून दूर गेलेल्या कुटुंबांपर्यंत मराठी गाणे ज्या वाटांनी पोहोचले, त्यांतील एक मोठी वाट या तबकडीची होती.

या कथेचा प्रारंभ १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गाइसबर्ग यांनी तेथे गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या तयार होत जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांना आवाज कोणाचा हे कळावे म्हणून गाण्याच्या अखेरीस बाई स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत. १९०८ साली कलकत्त्यासच कारखाना निघाला आणि हा परदेशी प्रवास संपला. ज्या गौहरजानांपासून हा इतिहास सुरू झाला, त्या १९२८ साली म्हैसूर दरबारी आल्या आणि १९३० च्या जानेवारीत म्हैसुरातच निवर्तल्या, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

आपणां कर्नाटकवासी मराठी जनांस अधिक जवळचा वाटावा असा अध्याय पुढचा आहे. धारवाडास जन्मलेल्या, कन्नड मातृभाषेच्या गंगूबाई हनगल यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका १९३० नंतर याच कंपनीने काढल्या. तबकडीवर नाव असे 'गांधारी'. त्यांत मराठी भावगीतेही होती. काही त्यांनी जी. एन. जोशी यांच्यासमवेत गायिली. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता घरोघरी पोहोचविणारे ते हेच जोशी. पुढे ते याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात त्यांनी त्या काळच्या गायकांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत.

गंगूबाईंचा आवाज तेव्हा बारीक आणि उंच पट्टीचा होता. घशाच्या विकारानंतर तो भारदस्त झाला आणि त्या भारदस्त आवाजानेच जग त्यांना ओळखू लागले. मूळचा आवाज त्यांच्यापाशीही उरला नाही. तो उरला केवळ तबकडीवर.

याहून मोठे कार्य सामाजिक होते. कलावंत घराण्यातील गायिकेच्या मैफलीस जाणे त्या काळी कुलीन स्त्रीस शक्य नव्हते. आमच्या आजीनेही अशी मैफल कधी पाहिली नाही. परंतु तोच आवाज तबकडीतून माजघरात आला आणि त्यास कोणी मज्जाव केला नाही. उंबरठा न ओलांडता उंबरठा मोडला.

अर्थात कंपनी धर्मादाय संस्था नव्हती. तो व्यापारच होता. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तासभर फुलणारा राग तेवढ्यात कोंबावा लागे. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव यांचे गाणे आज ऐकावयास मिळते, पण त्या उभयतांचे गुरू भास्करबुवा बखले यांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. १९२२ साली ते गेले आणि त्यांचा आवाजही गेला. उणिवा असोत, पण तबकडी नसती तर काय झाले असते, याचे उत्तर या एका नावात आहे.

पुढे दीर्घकाल वाजणारी तबकडी आली. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गाजलेले गीतरामायण तिच्यावर उतरले. जोशींच्याच देखरेखीखाली १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' निघाली आणि संतूर, बासरी व गिटार यांचा मेळ परदेशीही पोहोचला. मग कॅसेट आल्या. २००० साली कंपनीचे नावही 'सारेगामा' झाले.

येथे एक कबुली दिली पाहिजे. नोकरीतील एका बदलीच्या वेळी, ओझे नको म्हणून, आजोबांच्या तबकड्यांची पेटी आम्ही जुन्या बाजारात विकून टाकली. किती मिळाले ते आठवत नाही; काय गेले ते मात्र रोज आठवते. त्यांतील काही गाणी आज संगणकावर ऐकावयास मिळतात, ती कोणा अनोळखी संग्राहकाने आपल्या तबकड्या जपल्या म्हणून.

म्हणून मंडळाच्या सभासदांस एक विनंती. कोणाच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर त्या टाकू नयेत. मंडळाने त्यांची यादी करावी आणि एखाद्या सायंकाळी त्या सर्वांस ऐकवाव्यात. आपली मुले येथे वाढली. शेजाऱ्यांशी ती कन्नड बोलतात आणि घरी मराठी. धारवाडच्या एका कन्नड कन्येने गायिलेले मराठी गीत त्यांच्या कानी पडले, तर दोन्ही भाषा आपल्याच आहेत हे त्यांस निराळे सांगावे लागणार नाही.