वयस्कर त्वचा आणि प्रकाशोपचार: 'लाइट' किंवा लेझर घेण्यापूर्वी

'आजोबांना सोरायसिस आहे, डॉक्टरांनी लाइट घ्यायला सांगितलंय. सत्तरीत सोसेल का?' महाड-पोलादपूरकडच्या कुटुंबांना पडणारा हा नेहमीचा प्रश्न. केवळ वय झाले म्हणून प्रकाशोपचार नाकारण्याचे कारण नाही. मात्र डोस, दोन बैठकांमधील अंतर आणि अपेक्षा वयाप्रमाणे बदलाव्या लागतात.

वयाबरोबर काय बदलते?

त्वचेचा वरचा थर पातळ होतो आणि खालच्या थराशी असलेली त्याची पकड सैल होते. म्हणून जरा घासले तरी साल निघते. हा थर नव्याने तयार व्हायला तरुणपणी साधारण २८ दिवस लागतात, साठीनंतर बऱ्याचदा ४० हून अधिक. त्यामुळे भाजलेली जागा भरून यायला वेळ लागतो. रंग तयार करणाऱ्या पेशीही तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी होतात. भातलावणीत आणि उतारावरच्या नाचणी-वरीत आयुष्य गेलेल्या माणसाची मान व हात उन्हाने जास्त जुने झालेले असतात, तर सदऱ्याखालची पाठ बरीच तरुण राहते. एकाच अंगावर एकाच डोसाचा परिणाम म्हणूनच सारखा होत नाही.

फोटोथेरपी घेताना

सोरायसिस आणि कोडासाठी आज बहुधा नॅरोबँड यूव्हीबी वापरतात. त्यातील किरण सुमारे ३११ नॅनोमीटरचे असतात. आठवड्यातून दोन-तीन बैठका. सोरायसिसला साधारण २० ते ३०, कोडाला कित्येक महिने. ज्येष्ठांना कमी डोसाने सुरुवात करून तो सावकाश वाढवतात. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून आग, दुखरेपणा, काळपटपणा यांकडे लक्ष ठेवा. हा त्रास २४ तासांहून अधिक टिकला तर पुढच्या बैठकीआधी तो सांगा.

आपल्याकडची खरी अडचण बैठका चुकण्याची. पावसात एसटी रद्द होते, घाटात दरड येते, आणि दोन-तीन आठवडे जाणे होत नाही. परत गेल्यावर 'मागच्याच डोसाने चालू करा' म्हणू नका. किती दिवस खंड पडला ते सांगा. डोस कमी करावा लागतो, खंड मोठा असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. केबिनमध्ये उभे राहताना तोल जात असेल तर तेही आधीच बोला. चष्मा काढून संरक्षक गॉगल घालायचाच, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असले तरी.

गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. बीपीसाठीची हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयासाठीची अमिओडॅरोन, पुरानंतर लेप्टो टाळण्यासाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन ही औषधे त्वचेला प्रकाशाबाबत हळवी करू शकतात. मनाने बंद मात्र करू नका.

बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याचा सल्ला अजून गावोगाव मिळतो. बावचीत सोरॅलेन असते, आणि ऊन मोजून घेता येत नाही. वयस्कर त्वचेवर त्याने मोठाले फोड येतात. माझ्या मते हा प्रयोग घरी करूच नये.

हे कोडच आहे का?

उतारवयात नडगीवर आणि हातांवर तांदळाएवढे पांढरे ठिपके येतात. ते वय आणि उन्हामुळे येतात. ते कोड नव्हे, संसर्गजन्य नाहीत, त्यांना लाइटही लागत नाही. नातीचे स्थळ मोडेल या भीतीने कोणी महिनोन्महिने फेऱ्या मारू नयेत. पण फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर आधी कुष्ठरोगाची तपासणी करा. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. खरे कोड असेल आणि चट्ट्यावरचे केसही पांढरे झाले असतील, तर लाइटने रंग परत येण्याची शक्यता कमी असते. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

लेझर

केस काढण्याचे लेझर केसातल्या काळ्या रंगावर काम करते, त्यामुळे हनुवटीच्या पांढऱ्या केसांवर पैसे घालवू नका. उन्हाने रापलेल्या किंवा सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित असते. लावणी-कापणीच्या उन्हानंतर काही आठवडे थांबावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह आणि दुकानातून आणून वर्षभर लावलेले स्टेरॉइडचे मलम यांची माहिती आधी द्या. वाढणारा, रक्त येणारा किंवा न भरणारा डाग लेझरने जाळू देऊ नका. आधी त्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो.