दोन बल्बांचं घर

वीज मंडळ १९६० सालचं, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचं. कोयनेची वीजही साठीच्या दशकात सुरू झाली. पण आमच्या माणदेशी गावात डांब रोवले गेले ते बहात्तरच्या दुष्काळानंतर, आणि घरात लाइट आली १९७४ साली.

वायरमन सोप्यात बसून अर्ज भरत होता. "आबा, पॉइंट किती घ्यायचे?"

"दोन. एक सोप्यात, एक चुलीम्होरं."

"अन् गोठ्यात?"

"जनावरास्नी अंधार कळतो," आबा म्हणाले.

चाळीस वॉटचे दोन बल्ब. सगळ्या घराचा लोड ८० वॉट. रात्री पाच तास जळले तरी महिन्याला १२ युनिट, एवढाच हिशेब आबांनी करून ठेवला होता. त्यांना चिकट म्हणायचं कारण नाही. पुढं १९८८-८९ साली सरकारनं गरिबांसाठी कुटीर ज्योती योजना काढली, तिच्यातही घरटी एकच दिवा धरला होता.

त्या दोन बल्बांच्या मापाची बारीक वायर लाकडी पट्टीवर मारून आढ्याखालून नेली. त्यात चूक काहीच नव्हती. चूक पुढं माझ्याकडून झाली.

सामान एकेक करून आलं. बहिणीच्या लग्नासाठी आणलेला पंखा घरातच राहिला. १९८७ ला रामायण लागलं म्हणून टीव्ही आला. रविवारी सकाळी निम्मी आळी आमच्या सोप्यात. मग मिक्सर, मग इस्त्री. एकटी इस्त्रीच १००० वॉटची, म्हणजे आबांचे पंचवीस बल्ब! वायर मात्र तीच, चुहात्तरची.

फ्यूज सारखा उडायला लागला. तार बांधून बांधून मी वैतागलो, आणि मोटारीच्या जळक्या वाइंडिंगमधली तांब्याची तार दुहेरी पिळून बसवली. फ्यूज उडायचा थांबला. आळीत माझं नाव झालं. चार घरच्यांनी बोलावलं, तिथंही मीच बांधून दिली.

२००३ साली थोरलीला बघायला पाहुणे यायचे होते. सकाळी बादलीत पाण्याचा हीटर, इकडं इस्त्री, आत मिक्सर, सगळं एकदम. आईला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण वास पहिला तिलाच आला. "कायतरी जळतंय रं." वर बघतो तर पट्टी धुमसत होती आणि बरोबर तिच्याखाली वर्षाच्या ज्वारीची कणगी. मेन स्विच ओढला, ओली पोती फेकली, विझलं. पाहुणे आले तेव्हा घरभर धूर होता. चूल पेटत नाही, असं सांगितलं.

दुपारी वायरमन आला. कटाउट उघडून माझी तार त्यानं हातावर ठेवली. "दादा, लोड जास्त झाला की हिनं जळायचं असतं. ही जळली नाही, म्हणून वायर तापली." मी काही बोललो नाही. संध्याकाळी त्या चार घरी गेलो आणि माझी तार काढून आणली. एका घरी म्हातारी म्हणाली, "चांगलं चाललंय की, कशापायी काढतोस?" तिला खरं सांगताना जीभ जड झाली.

२०१६ ला नवं घर बांधलं तेव्हा मी आधी वही घेतली. गिझर २०००, इस्त्री १०००, मिक्सर ५००, अर्ध्या एचपीची मोटार ३७३, फ्रिज २००, टीव्ही १००, चार पंखे ३००, दहा एलईडी ९०. बेरीज ४५६३ वॉट. २३० व्होल्टनं भागलं की वीस अँपियरला जरा कमी. पोराला एसी हवा होता, त्याचे १७०० वेगळे. सगळं एका वेळी चालत नाही, म्हणून अर्जात सहा किलोवॅट मागितले. गिझरला आणि एसीला वेगळी वायर, वेगळी एमसीबी. डांबापासून मीटरपर्यंतची केबलही त्याच मापाची घेतली. दहा एलईडी मिळून आबांच्या दोन बल्बांपेक्षा दहाच वॉट जास्त खातात, हे आबांना सांगायला हवं होतं.

त्या दहातला एक गोठ्यात आहे. तो पॉइंट वहीत मी सगळ्यात आधी लिहिला होता.